पवळ्या शांत झाला

भांडुप, श्रावण १९८४

सौ. सुलक्षणा हिस सहदेवचा आशीर्वाद.

मी बरा आहे. लघवी तुंबली म्हणून हॉस्पिटलात नळी घातली आहे. आता दुखत नाही, काहीच वाटत नाही. आईला सांगू नकोस.

लघवी अडली की कुळथाचं कढण प्यायचं, या आपल्या सवयीने तेच पीत राहिलो, पण वाटच बंद, त्यामुळे पोट फुगत गेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय फुटलं असतं. फुटलं की आधी बरं वाटतं, मग माणूस जातो.

तू लिहिलंस, आपल्या पवळ्या बैलाचीही लघवी अडली होती, कढण पाजल्यावर पाय झाडायचा थांबून शांत झाला.

पत्र मिळताच गुरांच्या डॉक्टरला बोलाव. पवळ्या शांत झाला तेव्हा खालची जमीन ओली झाली होती का गं?

तुझा,
सहदेव