मशालवाल्याची उडी

१६ नोव्हेंबर १९४६, शनिवार

आला मेला! साताऱ्यात गाजला, कराडात गाजला, आता आमच्याच दारात – "मशालवाला" सिनेमा. तोंडावर काळा बुरखा, हातात मशाल, आणि पुलावरून धावत्या मालगाडीवर उडी. त्या उडीसाठी सगळी सांगली लोटली आहे. पिटातली माणसं शिट्ट्यांनी छप्पर उडवतात, पडद्यावर पैसे फेकतात.

ती उडी माझ्या धाकट्या भावाची आहे. नाथाजीची. बुरख्याखाली तो होता. हिरो सावलीत खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

पहिली उडी झकास पडली. तीच सिनेमात आहे. पण हिरोला गाडी हळू वाटली – जोरात सोडा, परत घ्या! त्या दुसऱ्या उडीला नाथाजीची कंबर गेली. तालमीत भल्याभल्यांना चीत करणारा माझा भाऊ आता कुशीवर वळायला मला हाक मारतो. कंपनीचं कुत्रंसुद्धा विचारायला आलं नाही.

आणि आमचं नशीब असं, की तो सिनेमा लागलाय त्याच टॉकीजात माझे हे ऑपरेटर. रोज तो यांनीच दाखवायचा. खोलीही टॉकीजाच्या पाठीमागेच, भिंतीला भिंत. खिडकीतून सगळं ऐकू येतं.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी पहिला खेळ. उडी जवळ आली की मी खिडकी लावते. त्याच्या जखमेवर रोज मीठ कशाला?

"राहू दे की आक्का उघडी. लय उकडतंय."

थंडीचे दिवस आणि याला उकडतंय! हट्टीपणा, दुसरं काय. तरी मी लावलीच. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

२१ नोव्हेंबर

आज म्हणाला, "मला उठवून बसीव. दाढी कर." संध्याकाळची दाढी! केली. भिंतीला टेकून बसला. डोळे मिटलेले. शिट्ट्या सुरू झाल्या तशी त्याची मूठ वळली. मला पाहवेना. उठून चुलीपाशी गेले आणि मनात त्या हिरोला अशा शिव्या घातल्या, की कागदावर लिहायला लाज वाटते.

त्याचं वाटोळं होवो. एवढी एक लिहिते.

२४ नोव्हेंबर

शेजारची शालूबाई धावत आली. "आवं, मशालवाला येनार हाय सांगलीत! पुढल्या रविवारी! स्टेजवर उभा ऱ्हानार!"

येऊ दे. मी पण उभी राहणार. सगळ्यांसमोर विचारणार – उडी कुणाची?

नाथाजीला सांगितलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

गेले. हार, पेढे, बँड. बायकांच्या बाजूला पुढेच बसले. तो गोरा, गुळगुळीत. कुणीतरी ओरडलं, उडीचं सांगा! तर हसून म्हणतो कसा, "जान पे खेल के कूदा था, भाई." आणि पाठीवर हात ठेवून दाखवतो, अजून दुखते म्हणे!

पाठ दुखते! त्याची!

उठले. तोंड उघडलं. पण शिट्ट्या अशा सुटल्या की माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शालूबाईनं पदर धरून खाली बसवलं. वाटलं असेल, मीही खुळावले त्याच्यापायी.

घरी आले तर नाथाजी अजून बसलेलाच. "आज लय जोरात वाजल्या गं," एवढंच बोलला. मी रडले. त्याला दिसू दिलं नाही.

तोंडानं जमलं नाही. हातानं करीन.

३ डिसेंबर

केलं.

जेवणाचा डबा घेऊन यांच्या मशीनच्या केबिनमध्ये गेले. हे हात धुवायला खाली उतरले. रीळ कुठलं ते मला ठाऊक होतं. फिल्म तुटली की हे कशी खरवडतात, चिकटवतात, हे इतकी वर्षं पाहिलं आहे. उडी तेवढी कापली, दोन्ही टोकं जोडली, पट्टी पदराखाली घातली.

घरी येऊन उजेडात धरली. इवल्या इवल्या चौकटी. पुलाच्या कठड्यावर उभा आहे – उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला, आमच्या आईसारखा. मग पाय सुटलेले. मग नुसता हवेत. बुरखा असला म्हणून काय, मी ओळखणार नाही होय?

क्षणभर हात थांबला. मग तो गुळगुळीत हसला डोळ्यांसमोर, आणि दिली चुलीत. भडका असा उठला की पुढचे केस जळाले. जळोत. माझ्या भावाच्या मोडक्या पाठीवर उभं राहून आता सांगलीत तरी कुणी शिट्ट्या घेणार नाही.

आजचा खेळ संपून हे आले. जेवले नाहीत. "जोड माझा न्हाई त्यो," म्हणाले. "पट्टी कुठं हाय?"

"चुलीत."

चुलीपाशी बसून चिमट्यानं राख उकरून पाहिली. मग म्हणाले, "मालकाला सांगितलं, कुजली हुती, तुटली. पर शकुंतला, आता ती उडी आपल्याला पुन्ना बघायला मिळायची न्हाई. मला इचारायचं तरी."

मला कुठे बघायची होती? मी नाथाजीसाठी केलं. आज देवापुढे दिवा लावला, किती दिवसांनी मनापासून. आणि आज खिडकी लावली नाही. कशाला लावू?

४ डिसेंबर

नाथाजी जेवला नाही. दाढी करून भिंतीला टेकून बसला होता, कालच्यासारखाच. खेळ सुटल्यावर हळूच विचारलं –

"आक्का, काल शिट्ट्या न्हाईत, आजबी न्हाईत. लोकास्नी माझी उडी आवडंना झाली व्हय गं?"

म्हटलं, निजवते तुला.

"नगं. गर्दी नसंल आज. उद्या वाजतील. उद्या पन आसंच बसीव मला."