खुर्चीइतकी वाट

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. रोज विचारते, "मोठी अजून रुसलेलीच का?" मी विषय बदलते.

बैठकीतून तू तुझ्या विक्रेत्यांना घेऊन उठून गेलीस, तेव्हापासून अपंग आणि विक्रेत्यांची आपली आघाडी नावापुरतीच उरली आहे. "तुमच्या चाकांना वाट हवी म्हणून आमच्या पोटावर पाय?" असं तू सगळ्यांदेखत म्हणालीस. लागलं ते. असो.

मागच्या आठवड्यात पालिकेच्या साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं. बाजारातला फुटपाथ सपाट करून देतो म्हणाले, दोन्ही टोकांना उतारसुद्धा. इतकी वर्षं घसा कोरडा करून मागतोय तेच! मग हळूच म्हणाले, "तेवढं विक्रेते हटवा असं तुमच्या अपंग संघटनेचं पत्र द्या."

खोटं कशाला बोलू, कुणाला "जरा ढकलता का" न म्हणता मी एकटी बाजारातून घरी येतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं.

संघटनेत दोन तट पडले. कुबड्यांवर चालणारी आमची शिंपीण कडाडली, "त्यांनी कधी आपल्यासाठी टोपली सरकवलीय?"

आमच्यातल्या गाण्याच्या मास्तरांना दिसत नाही. ते म्हणाले, "सरकवलीय. पुढे खड्डा असला की फळवालीच मला हाक मारते. आज तिला उठवायला सही केली, तर उद्या आपल्याला उठवतील तेव्हा ओरडणार कोण?"

शिंपीण उठलीच. तिच्यामागे निम्मी माणसं. मी म्हटलं, "अध्यक्षपद तू घे, पण हे पत्र देऊ नकोस."

ती परत खाली बसली. म्हणाली, "इतकं? बरं. पण तुझ्या बहिणीलाही आता काहीतरी सोडावं लागेल."

पत्र गेलं नाही. साहेबांनी कामही अडवून ठेवलं.

तेव्हा हे अध्यक्षांचं पत्र नव्हे. नव्या अध्यक्षीणबाई फटकळ आहेत, पण रास्त बोलतात. रविवारी सकाळी त्या मोजायची टेप घेऊन बाजारात येणार आहेत. भिंतीकडे तुमच्या टोपल्या, बाहेरून माझ्या खुर्चीइतकी वाट. बसतं का बघू. बसलं तर दोन्ही संघटनांची मिळून एकच मागणी. नाही बसलं तर भांडू, पण समोरासमोर.

येशील ना? विक्रेत्यांची पुढारी म्हणून ये, नाहीतर नुसती ये. तू गेल्यापासून माझ्याशी धड भांडणारंसुद्धा कुणी उरलं नाही गं.

वाट बघतेय.

तुझीच,
धाकटी