घोरपडवीराचं खरं मूळ

शनिवार पेठ, पुणे
रविवार, संध्याकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप हिंदुरावमामांना साईनाथचा वाकून नमस्कार.

(वाकून म्हणजे खरोखर वाकून. खोलीचं छत इतकं उतरतं आहे की इथे सगळं वाकूनच करावं लागतं.) मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, म्हैस सुखरूप व्याली असेल आणि पारावरची मंडळी माझ्यावाचून मजेत असतील, असं धरून चालतो. खरं तर फोनच करणार होतो, पण तुम्ही तो उचलला की आधी स्पीकरवर टाकता आणि "बोल रं, समदे हायत हितं" म्हणता. हा मजकूर समद्यांचा नाही. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा अक्षरावरून मामींनी बोलू नये.

उत्कर्षाचं तुम्हाला मागे बांधावर सांगितलंच होतं. कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचाच पगार घेते. त्याच कंपनीच्या गेटवर मी गाड्यांचं बघतो. (कुरिअर सोडलं. मोबाईलचं दुकानही सोडलं, किंवा त्यांनी मला सोडलं, त्यावर दोन मतं आहेत. मांडवाच्या लाइटिंगचं काम चांगलं होतं, पण गणपती उठले की ते काम पण उठतं.) तर मागच्या आठवड्यात तिने मला घरी नेलं. तिचे वडील श्रीधरपंत बँकेतून निवृत्त झालेत, पण समोर बसलेला माणूस कर्जच मागायला आलाय असं त्यांना अजून वाटतं. शिक्षण विचारलं. मी म्हणालो, इंजिनियरिंग कॉलेजात चार वर्षं होतो. आता होतो की नव्हतो? आपल्या गावच्या मच्छिंद्रच्या कॅन्टीनमध्ये वडे तळायला होतो, पण कॅन्टीन काय कॉलेजच्या बाहेर आहे का? शेती विचारली. गुलाब, म्हणालो, माल बाहेर जातो. (आपल्या लोणीच्या बाहेर. हडपसरला.) यात खोटं एक अक्षर नाही मामा, पण पंतांच्या डोक्यात जे चित्र तयार झालं त्यात मी पदवीचा झगा घालून विमानात गुलाब भरत होतो. उत्कर्षाने टेबलाखालून पायावर पाय दिला. जिना उतरताना म्हणाली, "खरं सांगून टाक. नाहीतर निदान पूर्ण बाह्यांचा शर्ट तरी घे."

दोन्हीतला शर्ट सोपा वाटला. आज सकाळी स्वारगेटकडे निघालो तर वाटेत एका वाचनालयाच्या हॉलबाहेर फळा: "घोरपडवीर प्रेमी मंडळ. नव्या चित्रपटातील मूळकथेच्या विटंबनेविरुद्ध निषेध सभा. चित्रपट न पाहिलेल्यांनी आपली मते चपलांसोबत बाहेर ठेवावीत." आणि आतून बटाटेवड्याचा वास. शर्ट काय पळून जातोय?

घोरपडवीर तुम्हाला आठवत असेल. जत्रेतल्या तंबूत तुम्हीच दाखवला होता, ट्रॉलीत बसवून नेऊन. वीटभट्टीवरचं पोरकं पोरगं, विहिरीत पडलेल्याला बाहेर काढताना त्याला घोरपड चावते आणि तेव्हापासून ते उभ्या भिंती चढतं. तुम्ही रडला होता (धूळ गेली म्हणाला होता). तोच सिनेमा आता नव्याने काढलाय. त्यात तो अमेरिकेहून परतलेल्या शास्त्रज्ञाचा मुलगा आहे, काचेच्या ऑफिसात एसीत बसून इंजेक्शन घेतो. वीटभट्टी गायब, विहीर गायब. घोरपड फक्त कंपनीच्या लोगोवर.

आत चाळीसेक लोक होते आणि चेहरे असे की घरातलं कुणीतरी गेलंय. निम्म्यांचं म्हणणं घोरपड डाव्या हाताला चावली होती, निम्म्यांचं उजव्या. तेवढ्यावरून दोन गट पडलेले, खुर्च्यासुद्धा वेगळ्या. तिसरा गट म्हणजे अभिनव नावाचा एकटा आयटीवाला. गळ्यात रविवारीसुद्धा कंपनीचं ओळखपत्र. तो म्हणाला, "आजकाल ऑडियन्सला वीटभट्टी रिलेट होत नाही." हे तो बोलत होता त्या हॉलला लागूनच नव्या इमारतीचं काम चाललं होतं आणि विटा वाहणाऱ्या बाया खिडकीतून दिसत होत्या. त्याला दिसत नव्हत्या, त्याची पाठ होती. मग अध्यक्ष म्हणाले, "आपण बसून बोललात तरी चालेल. उभं राहिल्याने मुद्द्याची उंची वाढत नाही." आवाज ओळखीचा वाटला. वडा खाली ठेवून मान वर केली तर अध्यक्षांच्या खुर्चीत श्रीधरपंत!

पळायचंच होतं, पण चपला ढिगाच्या तळाशी. तेवढ्यात कॉलेजची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की सिनेमाच्याही आधी या वीराचं चित्रकथेचं पुस्तक होतं, त्यात घोरपड चावतच नाही, हा तिचं अंडं खातो. म्हणजे तुमचं मूळसुद्धा बदललेलंच आहे. मग पंतांनी निर्णय दिला, "पुस्तक हे मूळकथेच्या आधीचं असल्यामुळे आजच्या विषयात बसत नाही." टाळ्या. ही माणसं मूळ वाचवायला जमली होती मामा, पण प्रत्येकाचं मूळ त्याला ज्या वयात सिनेमा दाखवला गेला तिथेच सुरू होत होतं.

हे कळूनही मी बोललो. पंतांनी मला पाहिलं होतं, भुवई उचलली होती. म्हटलं, हीच संधी, सासऱ्याच्या बाजूने बोलावं. मी म्हणालो, ज्या घोरपडीने घडवलं तिलाच जो विसरला तो भिंत चढला काय आणि लिफ्टने गेला काय, सारखंच! आपलं मूळ बदलून सांगणाऱ्यांना एकदा त्यांच्या गावी न्यावं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावं, हा नक्की कोण? डावे-उजवे दोन्ही गट उठून उभे राहिले. माझ्याच अंगावर काटा आला.

सभा संपल्यावर पंत जवळ आले. म्हणाले, "साईनाथराव, आपलं म्हणणं पटलं. येत्या रविवारी मी लोणीला येतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू." आणि माझा उरलेला वडा उचलून खाल्ला.

शर्ट राहिलाच. बाकी इकडे सगळं ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
साईनाथ

ता. क. विशेष काही नाही, रविवारपुरतं एवढं बघा. मच्छिंद्र मला "ए वड्या" म्हणून हाक मारतो, त्याने एक दिवस "सर" म्हणावं. तुम्ही "निर्यात" हा शब्द एकदा तरी बोलावा, कुठेही. आणि पारावर कुणी विचारलंच तर मी त्या कॉलेजातून "बाहेर पडलो" एवढंच सांगावं. कसा पडलो, कुणी काढलं, त्यात रश्श्याच्या पातेल्याचं काय झालं, यात शिरू नये. एका दिवसाचा प्रश्न आहे. लग्नाचाही आहे.

ता. क. २. मामा, नमस्कार. मी उत्कर्षा. पाकीट आणायला हा खाली गेलाय आणि परत आलेला नाही, बहुतेक वाटेत काहीतरी दिसलं असेल. तेवढ्यात पत्र वाचलं. कुणाला काही बदलून सांगू नका. कॅन्टीनचं मी बाबांना सभेच्या आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मूळ मला चालेल. पुढच्या भागात हा काय करणार आहे, ते विचारायला लोणीला जाईन."

ता. क. ३. साईनाथ. (खाली उसाच्या गाड्यावर चरक अडकला होता, जरा हात लावला.) वरची पहिली विनंती रद्द समजावी. मच्छिंद्रला म्हणावं, वड्या म्हटलं तरी हरकत नाही. फक्त पुढे मी काय करणार आहे, ते तुम्हाला माहीत असेल तर रविवारच्या आत मलाही कळवा. फोन केलात तरी चालेल. स्पीकरवर टाका, पारावर कुणाला सुचलं तर बरंच.