आईनं सांगितलेले राजे

छेवांगदादा,

सरकारनं राजेपद काढून घेतलं आणि डोंगरातलं आपलं चिमुकलं लो राज्य संपलं, तेव्हा तू शहरातून फोनवर म्हणालास, "आता ते राजे कुणाला हवेत?"

काल शाळा तपासायला साहेब आले. "या गावाला काही इतिहास आहे का?" त्यांनी विचारलं. "पुस्तकात तर काही नाही," मी, इथली मास्तरीण, म्हणाले. लोण्याचा चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "बसा साहेब, वेळ लागेल."

सही म्हणून अंगठा उठवणारी आपली आई! पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे राजे तिनं सांगितले. कुणी तट बांधला, कुणी पाट खणला, तेही. साहेब वहीत उतरवून घेत होते. इतकी वर्षं मला तिची लाज वाटायची.

आज मुलांना मी तोच धडा शिकवला.

हे पत्र पाठवत नाही; फोनवर एवढंच सांगेन: तू ये, तिच्याच तोंडून ऐक.

तुझी बहीण,
डोल्कर