वणवा न लागलेली तीन वर्षं

तोरणमाळ, मार्च १९५८

रेंजरसाहेब, नवलसिंगचा रामराम.

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. माझा धाकटा भाऊ बाज्या यालाही वणवा-रक्षकाच्या प्रमाणपत्राला पाठव म्हणालात. फी वीस रुपये, मग पगार महिना पस्तीस. हिशेब फायद्याचाच आहे.

पण मोहाची गळलेली फुलं वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा इथे सगळेच पेटवतात, आणि वणवा तिथूनच लागतो. मला प्रमाणपत्र मिळाल्यापासून माझी आई भुरीबाई माझ्या हद्दीतल्या सगळ्या मोहांखालचा पाचोळा हातांनी गोळा करते. म्हणते, "तुझ्या कागदाला झळ नको." तीन वर्षांत वणवा लागला नाही. शाबासकी तुम्ही मला दिलीत. तिची पाठ आता सरळ होत नाही.

बाज्याला पाठवलं असतं, साहेब. पण त्याच्या हद्दीसाठी आमच्याकडे दुसरी आई नाही.

आपला,
नवलसिंग