मंडईच्या दिवशी तुमचा सत्कार

बाबा, या वर्षीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या आपल्या जत्रेत, गावानं तुमचा सत्कार केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमचे हात आठवावे लागतात, मग खांदे, आणि मग कुठे चेहरा. अशा माणसाचा मान करावा असं गावाला आताच का वाटलं, हे मला कळत नव्हतं. आता थोडं कळलं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला सांगता येण्यासारखं नाही.

दिवाळीच्या आधी सरपंचबाई घरी आल्या. सोबत मंडई समितीचा सचिव होता, तो शाळेत शिकवतो. मी अंगणात जाळ्याची फाटलेली कड सांधत बसलो होतो. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बाबाचा एक फोटो पायजे होता." माझा हात थांबला. आपल्या घरी काही मागायला कोणी आलं की त्यामागे काहीतरी असतंच, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. "कायले?" मी विचारलं. बाई सांगू लागल्या. यंदा मंडईत पुढाऱ्यांना हार घालायचे नाहीत. संकटात जे धावून जातात त्यांचा मान करायचा: अँब्युलन्सचा ड्रायव्हर, हायवेवरचे पोलीस, जिल्ह्याचं बचाव पथक, आणि पुरात डोंगे घेऊन गेलेले आपले ढिवर लोक. "अन् सगळ्याइच्या आंधी तुमचे बाबा," सचिव म्हणाला. "पथक-बिथक काही नोतं तवा बुडालेल्याले काढाले गावाले तेच होते ना." बोलणं गोड होतं, म्हणूनच मी दोघांच्या तोंडाकडे नीट पाहत राहिलो. कारण ही सरपंचबाई मालगुजाराच्या, गावच्या जुन्या जमीनदाराच्या, घरची धाकटी सून आहे. तुमच्या वेळी ती या गावात आलेली नव्हती, पण घर तेच.

ते गेल्यावर तुमची सून मला म्हणाली, "देऊन टाका ना फोटो. कोणी चांगलं बोललं तं तुमच्याच पोटात काहून दुखते?" तुमचा एकच फोटो आहे, मच्छीमार संस्थेच्या ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात तुम्ही घाबरल्यासारखे दिसता. दोन दिवस तो उशाखाली ठेवला आणि मग नेऊन दिला.

तिला कसं सांगणार? ती लग्न होऊन आली त्याच्या आधीची गोष्ट. धान निसवायचे दिवस आहेत. तुम्ही जेवायला बसला आहात आणि मालगुजाराच्या घरचा गडी धावत आला आहे: थोरली सून सकाळपासून घरात नाही, तिच्या चपला तलावाच्या पारीवर, बांधावर, सापडल्या. तुम्ही ताटाला नमस्कार करून उठता. मी डोंगा वल्हवतो आणि तुम्ही उभे राहून लांब बांबूनं तळ चाचपता, मध्येच डोंग्याच्या कडेनं पाण्यात उतरता. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ ती सापडते. काठाला यायच्या आधी तुम्ही तुमच्या दुपट्ट्यानं तिला झाकता, आणि मला म्हणता, "तिकडं पाय." मी दुसरीकडे पाहतो. काठावर रडारड सुरू होते. बायका तिला उघडून पाहतात आणि त्यातलीच एक म्हणते, "कानातले कुठं गेले?" मग सगळे आपल्या दोघांकडे पाहू लागतात. मालगुजार मालक ओरडत नाहीत. ते शांतपणे, जणू आपल्या भल्यासाठीच सांगताहेत असं म्हणतात, "झडती देऊन टाक. म्हणजे लोकाइचं तोंड बंद होईल."

तुम्ही कमरेचं सोडून झाडून दाखवता. तंबाखूची पिशवी उलटी करता. मीही कपडे झाडतो. चार जण डोंगा पालथा करून पाहतात. कोणाला काही सापडत नाही, पण "नाही सापडलं" असंही कोणी मोठ्यानं म्हणत नाही. आपण ओल्या अंगानं घरी येतो. तुम्ही आंघोळ करता, देवापुढे दिवा लावता आणि नेहमीसारखे गप्प बसता. पाण्यात काय पाहिलं हे तुम्ही कधीच कोणाला सांगत नव्हता, आईलासुद्धा नाही. मी म्हणालो, "आता बोलावाले आले तं जायाचं नाई." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "पाण्यात पडलेल्यानं तुहं काय केलं?" पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोलावणं आलं आणि तुम्ही गेलात. डोंगा मीच वल्हवला.

त्यानंतर गावानं तुम्हाला चोर म्हटलं नाही, पण तुम्ही जाल तिथे बोलणं जरासं थांबायचं. लग्नाघरात आपल्याला बसायला दिलेली जागा जरा कडेला असायची. तुम्ही गेल्यावर हळूहळू ते सगळं विरलं. नव्या पोरांना तर काही माहीतच नाही. मी मात्र विसरलो नव्हतो. आणि आता त्याच घरातून तुमच्या सत्काराची गोष्ट निघाली, मग मी काय समजायचं?

संस्थेत बसलो तेव्हा एकेकाचे अंदाज सुरू झाले. तलावाची लीज पुढच्या साली संपते. आमच्यातले सगळ्यात म्हातारे काका म्हणाले, "शाल देतीन अन् तलाव नेतीन, पाय तू. बोटिंग सुरू कराचं आहे त्याइले." मंडईच्या आदल्या दिवशी बचाव पथकाची रबरी बोट सरावासाठी तलावात उतरली, तेव्हा काका पारीवरच ठाण मांडून बसले. एका जवानानं दोर पाण्यात सोडला तसे ते उठून उभे राहिले. "हे तं खोली मोजून राहिले!" जवान हसून म्हणाला, "काका, हा दोर बुडणाऱ्याले फेकाचा आहे." काका म्हणाले, "बुडणाऱ्याले फेकाचा तं त्याच्यावर खुणा कायले? बुडता बुडता तो मोजन का?" सगळे हसले, जवानसुद्धा हसला, पण खुणा कशाला ते त्यानं सांगितलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

संध्याकाळी हनुमानाच्या देवळात प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले की मन निवळतं असा माझा अनुभव आहे, पण त्या दिवशी निवळलं नाही. देवाला म्हटलं, मला कोणाबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही, पण मूर्खही व्हायचं नाही. दोन्ही एकदम मागितलं म्हणून असेल, काहीच मिळालं नाही.

मंडईच्या दिवशी नेहमीसारखी गर्दी होती. नाचगाण्याच्या दंडारी आल्या होत्या, पाहुणे होते, जिलेबीची दुकानं होती, पिपाण्या वाजत होत्या. स्टेजवरच्या बॅनरवर तुमचा तो घाबरलेला चेहरा मोठा करून लावला होता, आणि त्याच्याशेजारी हात जोडलेल्या सरपंचबाई, तुमच्याहून दुप्पट मोठ्या. माझ्या बाजूच्या खुर्चीवर लाखनीकडचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. तो म्हणाला, "मले शाल नोको होती, भाऊ. सायरन वाजला का रस्ता द्या म्हणा, बस. गाडी पलटते तं लोक आंधी मोबाइल काढते." मी म्हणालो, "मंग आले काहून?" तो म्हणाला, "बायको म्हणे, एखादा दिवस तं लोकाइनं तुमाले पाहू द्या." आणि लाजल्यासारखा हसला. त्याच्याबद्दल मला कसलाच संशय आला नाही.

माझं नाव पुकारायच्या आधी मी स्टेजमागे जाऊन बाईंना गाठलं. "बाई, खरं सांगा. इलेक्शन आहे म्हणून ना हे?" मला वाटलं त्या चिडतील. "आहे ना," त्या म्हणाल्या. "मतं पायजेत मले, खोटं कायले बोलू? पण मेलेला माणूस कुठं मत देते, भाऊ? तुमच्या बाबाचा फोटो मी मतासाठी नाही आणला." "मंग कायले?" त्यांनी मान वळवून समोरच्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्यांचे सासरे, मालक, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. खूप थकले आहेत आता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "शाल त्याइच्या हातानं द्याची आहे. त्याइच्या तोंडून काही निंगते का, पाहाचं आहे मले." पुढे विचारायचं होतं, पण तेवढ्यात माइकवर तुमचं नाव आलं.

मी स्टेजवर गेलो. दोघांनी धरून मालकांना वर आणलं. खाली बँड वाजत होता. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "तुह्या बापानं काही घेतलं नोतं. मले तवाच मालूम होतं." बाबा, मला आधी फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. झडती साऱ्या गावासमोर झाली होती आणि हे बँडच्या आवाजात, कानात. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "माइकमधी बोला, मालक." बाईंनी लगेच माइक त्यांच्यापुढे धरला, जणू त्या त्याचीच वाट पाहत होत्या. बँड थांबला. मालकांनी गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, "याचा बाप चोर नोता." इतकंच. टाळ्या पडल्या. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. विचार करून नाही, म्हातारा माणूस समोर आला की तुम्ही लावलेल्या सवयीनं कंबर आपोआप वाकते. वाकलेला असताना मला त्यांचं दुसरं वाक्य ऐकू आलं, म्हणजे आता समजलं. त्यांना तेव्हाच माहीत होतं.

मग झडती कशाला? स्टेजवरून उतरताना पायऱ्यांवरच मला ते दिसलं. त्या दिवसापासून गाव कानातल्यांबद्दल बोललं, वर्षानुवर्षं बोललं. ती थोरली सून सकाळी सकाळी, घरात कोणाला न सांगता, चपला काढून पाण्याकडे का गेली, हे कोणी विचारलंच नाही. तुम्ही तिला काठाला यायच्या आधी झाकलंत. मला दुसरीकडे पाहायला सांगितलंत. तुम्ही काय पाहिलं होतं, बाबा? मला विचारायचं आहे, आणि उत्तर मिळणार नाही म्हणूनच विचारायला धीर होतो आहे.

दुसऱ्या दिवशी पानटपरीवर दोन पोरं मला म्हणाली, "काका, तुमच्या बाबानं काय चोरलं म्हणत होते जी?" त्यांना तुमचं नाव माहीत नव्हतं. आता तुमचं नाव आणि चोरी त्यांना एकाच दिवशी कळली, तीही मीच माइक मागितला म्हणून. "काही नाई रे," म्हणून मी पुढे गेलो. मागून एक जण म्हणाला, "काहीतरी असन."

हे पत्र लिहून झालं की घडी करून पोथीत ठेवीन. पाठवायचंच असेल तर ते तुम्हाला नाही, सरपंचबाईंना पाठवायला हवं. त्या घरात ती थोरलीच्या मागून आली आहे, थोरलीच्याच खोलीत राहते असं तुमची सून सांगते. थोरलीचं काय झालं ते मालकांच्या तोंडून काढायला तिनं हा सगळा सोहळा केला, हे मला आता दिसतं, आणि मी दोन महिने तिच्यावर तलावाचा संशय घेत बसलो होतो. स्टेजवरून उतरल्यावर तिनं मला गाठून विचारलंही होतं, "भाऊ, माइकच्या आंधी ते कानात काय म्हणले?" तिचा नवरा दोन पावलांवर उभा होता. तलावाची लीज माझ्या डोक्यात होती. तुम्ही कधी बोलला नाहीत म्हणून मीही बोललो नाही, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो, पण तसं नव्हतं.

मी तिला म्हणालो, आशीर्वाद दिला.