दीनानाथचा पंधरा वॅट

५ ऑक्टोबर २०१४, रविवार

अनंताचा फोन! पंचवीस वर्षांनी आमचा ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा राहतोय. एकच कार्यक्रम, २० डिसेंबर, शनिवार संध्याकाळ. अनंता तेव्हा गायचा, अजून गातो म्हणे. "श्याम, लीड गिटार तूच. दुसरं राहिलंय कोण?" म्हणाला. असं आमंत्रण फक्त पुण्यातच मिळतं.

गिटार कपाटावर आहे. अँप्लिफायर नाही. कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा अँप्लि ठेवायचा की फ्रीज, असा प्रश्न होता. फ्रीज जिंकला. आता नवा घ्यायचा, आणि घ्यायचा तर व्हॉल्व्हवालाच, जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा. हेमा म्हणाली, "अहो, एकसष्टाव्या वर्षी हे काय?" इतक्या जोरात म्हणाली की खालच्या मजल्यावरही माझं वय कळलं असेल. हल्ली फार ओरडून बोलते ही.

१२ ऑक्टोबर

तीन जिने, लिफ्ट नाही. म्हणजे एका हाताने उचलता आला पाहिजे, आणि स्पीकर त्याच पेटीत हवा. पंधरा वॅटच्या वर नको. व्हॉल्व्हचा अँप्लि आवाज वाढवून ढकलल्याशिवाय गात नाही, आणि चाळीस वॅटचा ढकलला तर सोसायटी मलाच जिन्यावरून ढकलेल. संथ गाण्याला एकेक तार सुटी ऐकू यावी, आणि नाचाच्या गाण्याला तोच आवाज थोडा फाटावा, खरखरावा. एवढंच. लग्न जमवताना याहून जास्त अटी घालतात लोक.

आज भात करपला. "शिट्ट्या मोजा म्हणून सांगून गेले होते ना!" हेमा म्हणाली. झाल्याच नाहीत शिट्ट्या, तर मोजणार काय?

१८ ऑक्टोबर

कॅम्पातल्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता कानात बाळी घातलेला. "काका, हा बघा, डिजिटल आहे, यात टू हंड्रेड साउंड्स आहेत." म्हटलं, मला एकच हवाय, तो आहे का? मग निमूटपणे व्हॉल्व्हवाले दाखवले. दोनच होते.

पाच वॅटचा लावला — गोधडीखालून बोलल्यासारखा. पंधरा वॅटचा लावला — तीच गोधडी. ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी धार नाही. तो बाळीवाला मात्र लिंबू चावल्यासारखं तोंड करून उभा! "काका, खूप शार्प होतंय, प्लीज थोडा कमी करा ना." शार्प! ही मुलं दिवसभर कानात बोंडं खुपसून हिंडतात. यांचे कान तिशीतच जाणार.

२३ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. यंदा फटाके अगदीच फुसके. लवंगी माळा तर वाजल्या की नाही कळलंही नाही.

२७ ऑक्टोबर

दीनानाथ आठवला! इतके दिवस कसा आठवला नाही? नारायण पेठेत जिन्याखाली त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. ऑर्केस्ट्राचे सगळे अँप्लि तोच सांभाळायचा, आणि कार्यक्रम चालू असताना पडद्यामागे गरम सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचा. दुकान तेच, स्टूल तेच. दीनानाथ अर्धा झालाय. हृदयाचं काहीतरी आहे. "गोळ्या खातो आणि रेडिओ जगवतो," म्हणाला.

माझ्या अटी ऐकून उठला आणि फळीवरून खोका काढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओंचे, पण न वापरलेले. "विकत कशाला घेतोस? मी बांधतो. पंधरा वॅट, दहा इंची स्पीकर, आणि एक खटका देतो — दाबला की निम्म्या ताकदीवर चालेल. कोथरूडवाल्यांसाठी." मला एकदम रडू आलं. का, ते ठाऊक नाही.

त्याची जुनी सवय अजून आहे. प्रत्येक सेटच्या मागच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लिहितो — तारीख, तक्रार काय, काय बदललं. रोग्याचा केसपेपर! १९८३ साली माझ्या अँप्लिच्या झाकणावर त्याने लिहिलं होतं : 'श्याम म्हणतो डावीकडचा व्हॉल्व्ह जातोय. मीटर म्हणतो ठीक. श्याम बरोबर.' केवढा मिरवलो होतो तेव्हा! ऑर्केस्ट्रात म्हणायचे, मीटर बिघडेल, श्यामचा कान बिघडणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पेटी तयार! काय देखणी केलीय. सागवानी कडा, पुढे जुन्या रेडिओचं कापड. बटण दाबलं, व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, मी गिटार लावली —

गोधडी.

दीनानाथच्या तोंडाकडे बघवेना. पण खोटं कसं बोलू? "दबका वाटतोय रे." तो म्हणाला, "बरं. बघतो." आनंदीवहिनींनी, त्याच्या बायकोने, दोन कप चहा आणून ठेवला. त्याचा तसाच राहिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्याने एक कपॅसिटर बदलला. तसाच दबका. "अजून?" म्हणाला. अजून! गाणं ब्लँकेट पांघरून बसलंय आणि हा विचारतो अजून.

२३ नोव्हेंबर, रविवार

तिसरी खेप. दीनानाथने पुन्हा काहीतरी बदललं होतं. मी वाजवलं, थांबलो, म्हटलं तीच कथा. मग थोडा वेळ तो माझ्या पाठीमागे उभा राहून खुडबुडत होता. वळून पाहिलं तर हातात किल्ल्यांचा जुडगा. "काय रे?" — "काही नाही." खुर्चीवर बसला, चष्मा पुसला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. दुकान बंद ठेवतो, निवांत बसू. बोलू." कार्यक्रमाला महिना उरलेला नाही आणि याला बोलायचंय!

हेमा म्हणते, त्याची तब्येत बघा, त्याला घाई करू नका. मी घाई करतोय?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू की नको?

रविवारपर्यंत धीर धरवेना. बसने गेलो. पेटी टेबलावर, झाकण नुकतंच बसवलेलं. गिटार बरोबर नेलीच होती. लावली. काही म्हणजे काही फरक नाही! माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "जुन्या बाजारातले मेलेले व्हॉल्व्ह घातलेस तू यात. हात थरथरतात तुझे. तुझ्याच्याने होत नाही तर सांगायचं तसं, माझा महिना कशाला खाल्लास?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडे एकदा पाहिलं त्याने. मग हळूच म्हणाला, "श्याम, परवा रविवार आहे. परवा ये." मी म्हणालो, "आज बोल ना! बोलायला काय मुहूर्त लागतो?" त्याने पेटीची वायर काढून गुंडाळली. मग म्हणाला, "घेऊन जा. तुझाच आहे. झाकण तेवढं उघडू नकोस, बंद केल्यावरही बराच वेळ झटका देतो."

पेटी रिक्षात टाकली. आनंदीवहिनी चहा घेऊन आत येत होत्या, त्यांच्या बाजूने निघून आलो.

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो नाही.

३ डिसेंबर

वरच्या मजल्यावरचे आप्पासाहेब खाली आले. "आपण जे वाजवता ते चांगलंच असणार. फक्त आम्हाला ताटावर सुरी घासल्यासारखं ऐकू येतं. निम्म्यावर केलंत तर आभारी राहू." निम्म्यावरच होता! खटका दाबलेला होता! हेमाने त्यांना लाडू दिला आणि दार लावून घेतलं. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. मग लाडवांचा डबा आत ठेवायला गेली.

२१ डिसेंबर

काल कार्यक्रम झाला. झाला म्हणायचं.

दुसऱ्याच गाण्याला अनंता वळून म्हणाला, "श्याम, ट्रेबल कमी कर, कानात घुसतंय." मला वाटलं चेष्टा करतोय. मी आणखी वाढवलं, कारण मलाच माझं ऐकू येत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी पाहिलं ते. पाहूनही वाजवत राहिलो. चौथ्या गाण्याला आवाज सांभाळणाऱ्याने माझ्या पेटीपुढचा माइकच बंद केला. मध्यंतरात अनंता खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढची गाणी कीबोर्डवर घेऊ. तू दमलायस."

दुसरा अर्धा भाग विंगेत खुर्चीवर बसून काढला. पुढ्यात ती पेटी, व्हॉल्व्ह तांबूस. सगळा राग दीनानाथवर काढला मनातल्या मनात. त्याने मला पाचशे लोकांसमोर बुडवलं असंच म्हणत होतो.

२६ डिसेंबर

अनंता सांगत होता — दीनानाथ दवाखान्यात आहे, सोमवारपासून. हेमा चप्पल घालून तयार होऊन बसली होती. म्हटलं, तू जा. मला त्याने बोलावलेलं नाही. गेली एकटीच.

३ जानेवारी २०१५

दीनानाथ गेला. पहाटे.

७ जानेवारी

नारायण पेठेत जाऊन आलो, हेमाबरोबर. आनंदीवहिनी खाली सतरंजीवर बसल्या होत्या. फार हळू बोलत होत्या. मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, मान हलवली. बाहेर आल्यावर हेमाने रस्त्यावरच, मोठ्याने, शब्द शब्द सुटा करून सांगितलं : "त्या म्हणाल्या, भांडण झालं तरी ते दर रविवारी दोन कप चहा ठेवायला लावायचे. भावजी येतील म्हणून."

 घरी आल्यावर हेमाने फोन फिरवला. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला विचारलंसुद्धा नाही.

१२ जानेवारी

काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं मशीन सुरू व्हायचंय. बाहेर पाहिलं तर मुलगी बटणं फिरवत होती आणि हेमा तोंडाला पदर लावून उभी होती.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे सपाट, मग कड्यावरून पडल्यासारखी रेघ खाली. "खालचे आवाज चांगले आहेत. वरचे जवळपास गेलेत. पक्ष्यांचे, शिट्ट्यांचे, लहान घंटांचे. आठ-दहा वर्षं झाली असतील. कानाच्या यंत्राने बोलणं कळेल, पण संगीत पूर्वीसारखं नाही."

म्हणजे गोधडी अँप्लिवर नव्हती. कॅम्पातल्या त्या दोन्हींवरही नव्हती. बाळीवाला खरं बोलत होता, आप्पासाहेब खरं बोलत होते. आणि मी दीनानाथला, दोन परक्या माणसांसमोर — 

घरी आल्यावर हेमाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पाच वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?" ती म्हणाली, आणि आत जाऊन कणीक मळायला लागली.

खरंच कोण सांगणार? अनंता म्हणाला दमलायस. हेमा ओरडून बोलायला शिकली. आप्पासाहेब आभारी राहणार होते. माझ्या तोंडाची भीती सगळ्यांना. इतका वाईट माणूस आहे मी? असणार.

१५ जानेवारी

संक्रांत. सगळे म्हणतात गोड बोला.

१८ जानेवारी, रविवार

पेटी विकायची ठरवली. आठवडाभर वायर काढून ठेवली होती, म्हणून झटक्याची भीती नव्हती. विकण्याआधी धूळ काढावी म्हणून मागचे चार स्क्रू काढले. झाकणाच्या आत पेन्सिलीने, त्याच्या त्या तिरप्या अक्षरात :

'९/११. तयार. आवाज स्वच्छ. श्याम म्हणतो दबका.

१६/११. धार वाढवली. मला बोचतो. श्याम म्हणतो दबका.

२३/११. आणखी वाढवली. त्याच्या पाठीमागे किल्ल्या वाजवल्या, तीन वेळा. ऐकल्या नाहीत.

२८/११, सकाळ. सेट निरोगी आहे. श्यामचा कान गेलाय. घरचं कुणी त्याला सांगणार नाही. रविवारी येईल तेव्हा मी सांगतो. चिडेल. चिडू दे.'